काकूंची लेक चँडलरला असते

माझं नाव प्रमिला मेश्राम, माहेरची गजभिये, नागपूरची. दीक्षाभूमीच्या मागच्या वस्तीत जन्मली अन् आता न्यू जर्सीत राहून राहिली, मधातलं सगळं तुम्हाला सांगते, पण आमच्या इथल्या गावाचं नाव तेवढं लिहू नका, काहून की माझी नोकरी अजून तिथल्याच काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारची आहे अन् तिच्या बोर्डावर माणसंही तीच बसून आहेत. बाकी जे लिहायचं ते लिहा. मी लपवणारी बाई नाही, मनात आलं की माझ्या तोंडावर दिसतं, पाहिजे तर माझ्या नवऱ्याला विचारा.

आम्ही चौघी बहिणी, मी तिसरी. मोठीचं कौतुक मोठी म्हणून, दुसरी उजळ म्हणून, धाकटी धाकटी म्हणून आईच्या कडेवर, अन् मी मधात लटकलेली. आई नळावर पाणी भरायला निघाली की धाकटी तिच्या कडेवर असायची अन् मी मागून तिला चिमटा काढायची. आई म्हणे ही पोट्टी जळकी आहे, हिला दुसऱ्याच्या ताटातलाच घास दिसते. दिसतच होता, खोटं काहून बोलू. माझ्या ताटात तेवढाच होता, तरी मला तिचाच मोठा वाटे. काही माणसांचा स्वभाव तापट असतो, काहींचा कंजूस, माझा हा असा.

बाप मिलमध्ये, पगार बेताचा, तरी चौघींना शाळेत घातलं त्यानं, आमच्या वस्तीत पोरींना शिकवायचं म्हणजे शिकवायचंच, त्यात हयगय नाही. मी मॅट्रिक झाली अन् सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागली. आया म्हटलं की लोकं नाक मुरडतात, पण मला ते काम आवडलं, आजही आवडते. आजारी माणसाला कुशीवर वळवायचं तर आधी त्याला सांगायचं, बाबा, मी आता तुम्हाला वळवते, मंगच हात लावायचा. हे मला तिथल्या एका सिस्टरनं शिकवलं. न सांगता हात लावला की माणूस दचकतो अन् अंग आखडतो, मंग त्यालाही दुखते अन् आपलीही कंबर जाते. इथं आली तेव्हा काउंटीच्या ट्रेनिंगमध्ये हेच एका गोऱ्या बाईनं तीन दिवस लावून शिकवलं, मी मनात म्हटलं, बाप्पा, हे तर मी नागपुरातच शिकून आली.

लग्न झालं ते फिटर माणसाशी. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, इंजिनियर होऊन अमेरिकेत आले होते, त्यांनी आम्हाला बोलावलं. आलो ते भर थंडीत. माझी मुलगी मित्रा तेव्हा बोबडं बोलायची, आता बघा, मी मराठीत विचारते अन् ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. नवरा मशीन शॉपमध्ये लागला, अन् मी घरात बसून खिडकीतून पार्किंग लॉट बघायची. जाऊबाईंकडे दोन गाड्या, मोठं घर, खाली तळघरात टीव्ही. तिच्याकडून परत आली की दोन दिवस मी नवऱ्याशी धड बोलत नसे. तोच एक दिवस म्हणाला की तू असं जळत बसण्यापेक्षा काही काम बघ. तेव्हा कळलं की काउंटी बायकांना घेते, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या अन् अपंग माणसांचं करायला. आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, खायला करून घालायचं, थोडं फिरवायचं. पगार काउंटी देते, त्या माणसांना काही द्यावं लागत नव्हतं. होम एड म्हणतात आम्हाला.

पहिली काही वर्षं सगळी अमेरिकन घरं केली. मंग एक दिवस ऑफिसातून सोशल वर्करचा फोन आला की एक इंडियन म्हातारी बाई आहे, लकवा झालाय, उजवी बाजू गेली, अन् त्यात तिचं इंग्लिशही गेलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण तसंच होतं. दामलेकाकूंचं सगळं इंग्लिश बोलणं लकव्यानं पुसून नेलं होतं, फक्त मराठी राहिलं. तेही सावकाश, थांबून थांबून. इंग्लिश कळायचं बरं का सगळं, टीव्हीवरच्या बातम्याही कळायच्या, फक्त तोंडातून यायचं नाही. काका इथंच एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात होते, रिटायर झाले, म्हाताऱ्यांच्या बिल्डिंगमध्ये दोघं राहायला आले, अन् काका गेले. एकच मुलगी, शुभदा. ती बारा वर्षांची असताना इकडे आलेली, इथंच शिकली, इथंच लग्न झालं, अन् नवऱ्याला ॲरिझोनात कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चँडलरला गेली. काकू म्हणायच्या, आमची शुभदा चँडलरला असते. असं म्हणायच्या की जणू तिथली कलेक्टर आहे.

पहिल्या आठवड्यात काकूंनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, मेश्राम. मला ठाऊक असते आडनाव कशाला विचारतात ते. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाचं भांडं होतं, मी तशीच उभी. मंग म्हणाल्या, चहात आलं घाल. बस, तेवढंच. त्यानंतर कधी विषय नाही.

चार वर्षं मी काकूंचं केलं. सकाळी जायची, दुपारी उशिरा निघायची. काय सांगू तुम्हाला, पोटच्या लेकरावानी केलं, अन् हे मी चढवून नाही सांगत. त्यांना एका हातानं ब्लाउजची हुकं लावता येत नव्हती तर मी सगळे ब्लाउज उसवून पुढून वेल्क्रोची चिकटपट्टी लावून दिली. उजव्या पायाला सूज यायची तर तो उशीवर कसा ठेवायचा ते मला झोपेतही करता आलं असतं. अन् काकूंच्या तोंडी काय, तर शुभदा. शुभदाला भाकरी आवडते. शुभदा असती तर खिडकी उघडी ठेवली असती. शुभदाचं अक्षर बघ. शुभदानं एकदा टपालानं चपला पाठवल्या, त्या काकूंच्या पायात शिरेनात, तर म्हणाल्या, किती मऊ आहेत बघ, अन् मांडीवर घेऊन बसल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. इथल्या मराठी मंडळाच्या बायका कधी भेटायला यायच्या, त्या म्हणायच्या अय्या काकू, हे ब्लाउज किती सोयीचे आहेत, तर काकू म्हणायच्या, हो ना, शुभदाचं फार लक्ष असतं. मी तिथंच, पोहे देत उभी. मी पोहे जरा जोरात ठेवले.

रविवारी शुभदाचा फोन यायचा. रविवार माझा सुट्टीचा, काउंटी रविवारचे तास देत नाही. तरी मी जायची. मित्रा म्हणायची, मॉम, इट्स संडे, यू नेव्हर डू माय हेअर. तिचं खरंच होतं, पण मी जायचीच. काकूंना फोनच्या आधी केस विंचरून पाहिजे असत, तेल लावून, बारकी वेणी घालून. मी म्हणायची, काकू, फोनवर केस दिसतात का, तर नुसत्या हसायच्या. मी वेणी घालायची अन् रिसीव्हर कानाला धरायची, काहून की हात भरून यायचा त्यांचा, अन् कान लावून ऐकायची की माझं नाव निघते का. कधी निघायचं नाही. शुभदानं विचारलं, कशी आहेस, तर म्हणायच्या मी छान आहे, तू जेवलीस का. एकदा विचारलं असेल तिनं माझं, तर काकू म्हणाल्या, हो, प्रमिला येते. येते. पोस्टमनही येतो.

तुम्हाला वाटेल ही बाई पगार घेते अन् वर माया मागते. मागत होती. मी शुभदाला बघितलं नव्हतं, टीव्हीवर तिचा फोटो ठेवलेला होता फक्त, पदवीची काळी टोपी घातलेला, अन् धूळ पुसताना मी त्या फोटोशी भांडायची. वर्षातून एकदा यायची ती, मी तेव्हा सुट्टीवर असायची, काकूच म्हणायच्या, शुभदा येणार, तू आराम कर. असा आराम मला नको होता.

मंग काउंटीचं ते प्रकरण सुरू झालं. वॉशिंग्टनहून पैसे यायचे ते कमी झाले म्हणे, अन् बोर्डाच्या मनात आलं की होम एडसाठी आता लोकांकडून तासाप्रमाणे चार्ज घ्यावा. ज्याला करणारं कोणीच नाही त्याला फुकट, पण ज्याचे घरचे लोक करतात, मुलंबाळं कमावती आहेत, त्यांनी भरावं. ऐकायला ठीक वाटते ना. पण बिल्डिंगमध्ये नुसता हलकल्लोळ झाला. लॉबीत दुसरं बोलणंच नाही. कोणी म्हणे मी आयुष्यभर टॅक्स भरला तो कशाला, कोणी म्हणे आमच्या पोरांकडे बिल गेलं तर ती फोनही करायची नाहीत. गावातल्या पेपरात दोन्ही बाजूंनी लोकं लिहून राहिली. काकूंच्या शेजारी हेलन राहायची, जाडजूड, आवाज खणखणीत, तिनं पुढाकार घेतला की सगळ्यांनी बोर्डाच्या मीटिंगला जायचं अन् बोलायचं. माझ्याकडे बघून म्हणाली, मिसेस दामलेही बोलणार, तू भाषांतर करशील.

मला ते एकदम पटलं. काहून म्हणाल तर मला भीती वाटली होती. काकूंना चार्ज लागला तर काकांच्या पेन्शनीतून ते झेपणारं नव्हतं, म्हणजे बिल शुभदाकडे जाणार, अन् शुभदानं म्हटलं की नर्सिंग होममध्ये ठेवा, किंवा मी घेऊन जाते, तर माझ्या काकू गेल्या. माझ्या म्हटलं बघा मी. तेव्हाही म्हणत होती, मनातल्या मनात.

आठवडाभर मी त्यांची तयारी करून घेतली. काकू, एवढंच बोलायचं, माझे मिस्टर गेले, मुलगी दूर असते, वर्षातून एकदा येते, इथं माझं करणारं कोणी नाही, काउंटीची बाई आली नाही तर मी अंथरुणातून उठू शकत नाही. खरंच होतं ते, त्यात एक अक्षर खोटं नाही. काकूंनी म्हणून दाखवलं, थांबून थांबून, पण बरोबर. करणारं कोणी नाही या शब्दांपाशी आल्या की अडखळायच्या. मला वाटलं लकव्यामुळे. अन् खरं सांगू, ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मला गोड लागत होतं. मुलगी दूर असते. पुन्हा म्हणा काकू, मी म्हणायची, अजून एकदा.

मीटिंगच्या दिवशी मी त्यांना निळी नऊवारी... नाही, चुकली, पाचवारीच, नऊवारी त्यांनी इथं कधी नेसली नाही. निळी पाचवारी नेसवली, वरून स्वेटर, वेणी घातली. काउंटीच्या गाडीनं व्हीलचेअरसकट गेलो. मोठा हॉल, समोर उंचावर बोर्डाची माणसं ओळीनं बसलेली, खाली आम्ही. भल्ली गर्दी. आधी एका माणसाचं नाव पुकारलं, तिशीतला असेल, मानेखाली काही हलत नव्हतं त्याचं, खुर्ची हनुवटीनं चालवत माइकपर्यंत आला. तो म्हणाला की मला सकाळी उठवून कपडे घालायला माणूस येतो म्हणून मी नोकरीवर जाऊ शकतो अन् तुम्हाला टॅक्स भरतो, आता तुम्ही म्हणता उठायचे पैसे दे, तुमच्यापैकी कोणी उठायचे पैसे देतो का. भल्ल्या टाळ्या पडल्या. मंग एक दुकानदार उठला, तोही काही वाईट माणूस नव्हता, म्हणाला माझ्या आईचं मी अन् माझी बायको करतो, आम्ही काउंटीकडे हात पसरला नाही, मंग ज्यांची मुलं चांगली कमावतात त्यांच्या आईबापांचं मी का भरू. त्यालाही टाळ्या पडल्या. मी आपली दोघांच्याही बोलण्याला मान हलवून राहिली, मला दोघांचंही खरं वाटलं.

मंग हेलन बोलली अन् मंग आमचं नाव पुकारलं. मी काकूंची खुर्ची माइकजवळ नेली, माइक खाली ओढला. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांचा, गोड बोलणारा माणूस, वाकून म्हणाला, मॅडम, आम्हाला सांगा, तुमचं घरी कोण करतं. काकूंनी समोर बघितलं. डावीकडे बघितलं, एवढी सगळी माणसं, अनोळखी, गोरी, त्यात दोन-चार आपली मंडळातलीही होती. डाव्या हातानं पदर खांद्यावर नीट घेतला. अन् म्हणाल्या, माझी मुलगी माझं सगळं करते.

मी म्हटलं, काकू. हळूच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. परत म्हणाल्या, अजिबात न अडखळता, लकवा झाल्यापासून इतकं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या, की माझी एकुलती एक मुलगी आहे, तिचं माझ्यावर फार लक्ष आहे, माझं काही अडू देत नाही.

तुम्हीच सांगा, आपल्यात कोणती आई चारचौघांत म्हणेल की माझी पोटची पोरगी मला बघत नाही. जीव गेला तरी नाही म्हणणार. घरात दार लावून म्हणेल, माझ्याजवळ रडेल, पण माइकवर, परक्यांसमोर, लेकीला उघडं नाही पाडणार. हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं, माझ्या आईनंही तेच केलं असतं. पण मी आठवडाभर त्यांना शिकवत बसली.

आता सगळे माझ्याकडे बघून राहिले. अध्यक्ष, हेलन, सगळा हॉल. काय म्हणाल्या त्या. अन् मला ते इंग्लिशमध्ये सांगायचं होतं. दुसरं काही सांगितलं असतं तर हॉलमध्ये कोणाला कळलं नसतं, पण काकूंना कळलं असतं, त्यांना इंग्लिश सगळं समजे, अन् तशीही मी त्यांच्या तोंडात माझे शब्द घालणारी नाही. मी चार वर्षं ज्यांची आंघोळ, ज्यांचं जेवण, ज्यांची शी-शू केली, त्यांच्या बाजूला उभी राहून, माझ्याच तोंडानं, माइकवर मी म्हटलं, माय डॉटर डझ एव्हरीथिंग फॉर मी. पुढचंही म्हटलं, एकही शब्द गाळला नाही. माझा आवाज चिरकला, लोकांना वाटलं मी भारावली. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाला, व्हॉट अ वंडरफुल डॉटर, अन् मंग बाकीच्या बोर्डाकडे वळून म्हणाला की बघा, आपण म्हणतो ते हेच, कुटुंबं करतात, करायला तयार आहेत.

पार्किंग लॉटमध्ये हेलन माझ्यावर तुटून पडली. तू असं कसं बोललीस, घात केलास सगळ्यांचा. मी म्हटलं मी नाही, त्या बोलल्या. काकू गाडीत बसून खिडकीबाहेर बघत होत्या, चेहऱ्यावर असं समाधान की जणू पोरीला चांगल्या घरी देऊन आल्या. घरी आल्यावर मी त्यांचा स्वेटर काढला, पाय उशीवर ठेवला, खिचडी केली, सगळं केलं, पण एक शब्द बोलली नाही. जाताना त्या म्हणाल्या, प्रमिला, रागावलीस. मी म्हटलं, मी कोण रागावणारी, तुमची मुलगी थोडीच आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बोर्डात मतं पडली अन् चार्ज मंजूर झाला. काठावर झाला, एखाद्या मतानं. तो हनुवटीनं खुर्ची चालवणारा माणूस पुढे लढत राहिला, अजून लढून राहिला, तो सोडणारा नाही. काकूंचं नाव चार्जवाल्यांत गेलं, सोशल वर्कर म्हणाली की त्यांनी स्वतःच भर सभेत सांगितलं की मुलगी करते, मी आता काय करू.

शुभदाला कळवायला मीच फोन केला. पहिल्यांदा तिच्याशी बोलली मी. सगळं सांगितलं, अन् काकू माइकवर काय म्हणाल्या तेही सांगितलं, जरा टोचेल असंच सांगितलं. मंग म्हणाली, आई असं म्हणाली, आर यू शुअर. मी म्हटलं मीच तर भाषांतर केलं. ती फोनवर रडायला लागली. अन् पुढच्या आठवड्यात आली. नेण्यासाठी. बघा म्हणजे, मी चार वर्षं हात झिजवले अन् त्यानं काही झालं नाही, अन् काकूंच्या एका वाक्यानं लेक ॲरिझोनाहून धावत आली. मला वाटलं होतं बिलाला घाबरून नेईल. बिलाचं ती एका शब्दानं बोलली नाही. मला म्हणाली, प्रमिलाताई, आईनं सगळ्यांसमोर सांगितलं ना मी करते म्हणून, मग आता मला करायलाच हवं.

चांगली निघाली ती, काय करता. मला तर ती वाईट निघायला पाहिजे होती. बारीक, चष्मेवाली, डोळ्यांखाली काळं, माझ्याच वयाची. तिला काही येत नव्हतं. न सांगता आईला उठवायला गेली अन् काकू किंचाळल्या. मी दारात उभी राहून बघून राहिली, अन् मला बरं वाटलं. मंग काकूंनीच तिच्या गालाला डावा हात लावला अन् म्हणाल्या, असू दे, शिकशील. चार वर्षांत माझ्या गालाला कधी हात लावला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

निघायच्या दिवशी मी वेणी घालून दिली. शुभदानं मला साडी दिली, चांगली होती, रेशमी, मी घेतली. गाडीत बसवताना काकूंचं सगळं लक्ष लेकीकडे, तू बेल्ट लाव, तू पुढे बघ, पर्स घेतलीस का. मी दार लावलं. गाडी निघाली तरी माझ्याकडे मान वळली नाही. उजवीकडे मान त्यांना वळवता येत नव्हती हे मला ठाऊक आहे, मी उजवीकडेच उभी होती. पण तरी.

मला दुसरं घर मिळालं, एक आयरिश म्हातारा, पायानं अधू. तो येता-जाता मला सांगतो की आधीची बाई ग्लोरिया, तिच्या हातचं सूप काय असायचं. मी म्हटलं, हे बरं आहे, जिथं जावं तिथं कोणीतरी आधीचं बसलेलंच.

अन् मंग एका रविवारी दुपारी शुभदाचा फोन आला, माझ्या घरी. आवाज पार उतरलेला. म्हणाली, आई जेवत नाही. दोन घास खाते अन् तोंड फिरवते, वजन फार उतरलं, डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर नळी घालावी लागेल. सगळं करून बघितलं. अन् आई सारखी तुमचं नाव घेते. प्रमिलाला येत होतं, प्रमिला असं नाही करायची, प्रमिला असती तर. दिवसभर तेच. ताई, खरं सांगू, मी नोकरी सोडून घरी बसले आहे तिच्यासाठी, आणि ती माझ्यासमोर तुमचंच कौतुक करते, मला आता तुमचं नाव ऐकवत नाही.

मी म्हटलं, शुभदाताई, फोन नीट ऐकू नाही येऊन राहिला, काय म्हणाल्या, परत सांगा. ऐकू सगळं येत होतं. तिनं बिचारीनं परत सांगितलं. इतकं गोड वाटलं ना मला, माझ्या लग्नातही एवढं वाटलं नव्हतं.

मंग मी सांगायला बसली. समोर बसून त्यांच्याकडे बघत राहू नका, तुमचं ताट घेऊन शेजारी बसा अन् तुम्हीही जेवा. वाटी डाव्या बाजूला, उजवीकडचं त्यांच्या ध्यानात येत नाही. भात चमच्यानं नाही, बोटांनी कालवा. ती म्हणाली हे थोडंफार करून बघितलं, नाही जमत, अजून काही करत होता का तुम्ही. अन् मी थांबली. होतं अजून एक. तेच खरं होतं. तेवढं एक माझ्याजवळ ठेवलं असतं तर काकू रोज म्हणत राहिल्या असत्या, प्रमिला असती तर. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडी माझं नाव बसलं होतं. फोनवर शुभदा म्हणून राहिली, हॅलो, ताई, आहात का.

आहे, म्हटलं. अन् सांगितलं. त्यांना जेवा म्हणायचं नाही. त्यांना भरवून घेण्याची लाज वाटते, एवढं घर चालवलेली बाई ती. वाटीत थोडी आमटी घ्यायची अन् विचारायचं, काकू, मीठ बघता का. मीठ बघायला त्या कधी नाही म्हणत नाहीत. मंग म्हणायचं, थोडं घातलं, आता बघा. मंग म्हणायचं, भाताबरोबर कसं लागते तेही बघा. असं बघता बघता वाटी संपते. अन् त्या कमी म्हणाल्या तर खरंच चिमूटभर घाला, नुसता हात फिरवू नका, त्यांना कळते. शुभदा म्हणाली, चार वर्षं तुम्ही रोज असं केलंत. मी म्हटलं, हो, पण तुम्ही काकू नका म्हणू, आई म्हणा.

फोन ठेवला अन् मी रडली. नवऱ्यानं विचारलं काय झालं, मी म्हटलं मी माझ्या हातानं देऊन टाकलं.

पुढच्या रविवारी तिचा फोन आला, आई पोटभर जेवली म्हणून, हसत होती, मागून काकूंचा आवाज येत होता, कोणाला तरी मिठाबद्दल बोलून राहिल्या होत्या. मी म्हटलं, माझ्याबद्दल काही म्हणाल्या का. शुभदा म्हणाली, अं, नाही, आज नाही. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला नाही. मंग आलाच नाही. मित्रा म्हणते, मॉम, यू कॉल हर. नाही करत मी.

रविवारी आता मी घरीच असते. दुपार झाली की कान तिकडंच असतो, खोटं काहून बोलू, जळतो जीव. पण मला कळते ना, फोन नाही म्हणजे काकू जेवून राहिल्या आहेत. जेवू द्या. पोटभर जेवू द्या त्यांना.